जथ्यातले दिवस: नाशिक ते शाहजहांपूर

रानजाई

केंद्राच्या तीन कृषी कायद्यांविरुद्ध २०२०-२१ ला झालेल्या किसान आंदोलनावर इथे पुष्कळ चर्चा झाली आहे. कायद्यांची कलमं, हमीभाव, बाजार समित्या, न्यायालयाने नेमलेली समिती, सगळं येऊन गेलं. पण जथ्यात, म्हणजे एकत्र निघालेल्या आंदोलकांच्या ताफ्यात, माणसं राहतात कशी, खातात काय, झोपतात कुठे, यावर कुणी फारसं लिहिलेलं दिसलं नाही. म्हणून हा धागा काढते आहे.

२१ डिसेंबर २०२० ला नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावरून किसान सभेचा वाहन जथा निघाला आणि २५ तारखेला राजस्थान-हरियाणाच्या सीमेवर, शाहजहांपूरला पोचला. मधे चांदवड, धुळे, शिरपूर, बिजासनचा घाट, सेंधवा, मग सगळा मध्य प्रदेश आणि राजस्थान. बाराशे किलोमीटरच्या वरचा रस्ता. मी स्वयंपाकाच्या टेम्पोत होते.

आधी मागे काय राहिलं ते सांगते, कारण माझ्या मते जथ्याचं खरं वजन तिथे कळतं. आमच्या पश्चिम पट्ट्यात, म्हणजे सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरकडे, भात-नागली घरात आली की शेतात काम उरत नाही. मग माणसं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर मजुरीला उतरतात. घडांची विरळणी, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, जे मिळेल ते. वर्षाचा रोख पैसा येतो तो त्याच तीन-चार महिन्यांत. जथा नेमका त्या हंगामात निघाला. बागवाला कुणासाठी थांबत नाही, एक टोळी आली नाही तर दुसरी लावतो. त्यामुळे जो माणूस टेम्पोत चढला त्याची रोजची मजुरी तर बुडालीच, शिवाय परत आल्यावर तीच बाग मिळेल याची खात्रीही नव्हती. गावात बैठक बसली तेव्हा कोण जाणार हे लगेच ठरलं. मागे कोण राहणार, कुणाची गुरं कोण बघणार, कुणाच्या म्हातारीला दवाखान्यात कोण नेणार, हे ठरेपर्यंत मध्यरात्र झाली. घरटी तांदूळ गोळा केले, डाळ आणि मिरची वर्गणीतून घेतली.

आता गाडीतलं. टेम्पोच्या हौद्यात खाली भाताचा पेंढा, त्यावर गोधड्या, वर ताडपत्री. दिवसा सगळे बसलेले, पाय लांब करायला जागा नाही. पहिल्या दिवशी घोषणा, गाणी, हलगी. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घसे बसलेले आणि कंबरा धरलेल्या. रात्री जागा अशी वाटायची की वयस्क माणसं केबिनच्या पाठीला टेकून, कारण तिथे वारा कमी. तरणी पोरं मागच्या फाळक्याकडे. ताडपत्री कितीही ताणून बांधली तरी महामार्गावर वारा आत शिरतोच. आमच्याकडे थंडी असते पण ती शेकोटीने भागते. धावत्या गाडीत शेकोटी कुठली? आणि आमच्या माणसांकडे जाड लोकरी कपडे नसतातच. शाल, मफलर, दोन शर्ट एकावर एक.

भाकरीबद्दल सांगते. घरून बांधलेल्या नागलीच्या भाकरी आणि ठेचा संपला, तशी खिचडी सुरू झाली. तीन दगडांची चूल, मोठं पातेलं, पाणी मिळेल तिथे मुक्काम. पाणी हीच खरी अडचण. एवढ्या माणसांना पिंपभर पाणी हात धुवायलाच जातं. वाटेत गावोगावचे लोक स्वागताला उभे. हार घालणार, नारळ फोडणार, चार शब्द बोला म्हणणार. त्यांनीही दिवसभर वाट बघितलेली असते, नाही म्हणवत नाही. पण प्रत्येक स्वागताने मुक्काम तेवढा लांबतो, आणि चूल पेटते रात्री अकराला. जेवून भांडी घासून आडवं होईस्तो दोन. पहाटे पुन्हा चहाचं पाणी ठेवायचं.

इतरांनी असे प्रवास केले असतील तर लिहा. मोर्चा, दिंडी, सायकल यात्रा, कलापथक, कुठल्याही विचाराची असली तरी चालेल.

माळरान

वाचून अंगावर आलं. दोन प्रश्न आहेत. एवढ्या दाटीत आणि दमणुकीत भांडणं होत नव्हती का? आणि गाड्या कोण चालवत होतं? दिवसभर बसून मागची माणसं थकतात, मग चालवणाऱ्याचं काय होत असेल?

रानजाई

व्हायची तर. झोपायच्या जागेवरून आणि चहावरून. शेवटी आमच्या टेम्पोत एका म्हाताऱ्या बाबांकडे सगळा निवाडा दिला. बाबा सांगतील तो तिथे झोपेल. मग पुन्हा तक्रार आली नाही. चालवणाऱ्यांबद्दल त्यांच्यापैकीच कुणी लिहिलं तर बरं.

बिजासन_उतार

मी लिहितो. मी या जथ्यात नव्हतो, पण मुंबई-आग्रा रोडवर माझं आयुष्य गेलं आहे आणि मोर्च्यांच्या गाड्या मी पुष्कळ चालवल्या आहेत, वेगवेगळ्या झेंड्यांच्या.

एकटी गाडी चालवणं आणि ताफ्यात चालवणं यात फार फरक आहे. ताफ्यात सगळ्यात जड, सगळ्यात हळू गाडी पुढे ठेवायची. नाहीतर पुढचे निघून जातात, मागचे त्यांना गाठायला दामटतात, आणि अपघात होतो तो तिथे. बिजासनच्या घाटात माल भरलेले ट्रक उतरत असतात. तिथे माणसांनी भरलेली गाडी न्यूट्रलवर टाकणं म्हणजे जिवाशी खेळ. ज्या गिअरवर चढलो त्याच गिअरवर उतरायचं. हौद्यातली पोरं उभी राहतात, झेंडे हलवतात, गाडीचा तोल वर जातो. वळणावर त्यांना खाली बसवायला कुणीतरी जबाबदार माणूस मागे हवा.

झोपेचं बोलायचं तर सभा असते तेव्हा चालकाने झोपायचं असतं. पण सभेच्या भोंग्याजवळ गाडी लावलेली असते. त्यात कुणी येऊन पाणी मागतं, कुणी चार्जिंगला मोबाईल लावतं. मी नेत्यांना नेहमी सांगत आलो की सभा होईल तिथून अर्धा किलोमीटर लांब गाड्या लावू द्या, आणि केबिनला कुणी हात लावू नका. काहींनी ऐकलं. पहाटे तीन ते पाच ही वेळ सगळ्यात वाईट. त्या दोन तासांत गाडी उभी करायची, कितीही उशीर झालेला असो. क्लीनर गप्पा मारतो म्हणून डोळा लागायचा राहत नाही.

अशा गाड्यांना बहुतेकदा डिझेलचे पैसे मिळतात, भाडं मिळत नाही. चालकाचंही खाडं होतं. हारतुरे घालताना चालकाला केबिनमधून खाली बोलावून एक हार घातला तर त्याला फार बरं वाटतं. हे मनापासून सांगतो.

ठाण्याची_मावशी

किसान सभेचा २०१८ चा नाशिक-मुंबई लाँग मार्च आमच्या डोळ्यांसमोरून गेला. ६ मार्चला नाशिकच्या सीबीएस चौकातून निघालेली माणसं कसारा घाट उतरून, उन्हातून १८० किलोमीटर चालत ११ तारखेला ठाणे-मुलुंडवरून शहरात शिरली. आमच्या सोसायटीतल्या बायकांनी पाणी, बिस्किटं आणि केळी घेऊन हायवे गाठला होता. आम्हाला वाटलं होतं घोषणा ऐकू येतील. माणसं गप्प चालत होती. डोक्यावर लाल टोप्या, हातात झेंडे, आणि पाय… काहींच्या चपलांचे तळ झिजून गेलेले, काही अनवाणी. एका आजींच्या टाचेवर फडकं बांधलेलं, त्यातून रक्त आलेलं. मी त्यांना बसा म्हटलं तर म्हणाल्या, बसले की उठवत नाही बाई, चालू दे.

हे वाक्य तेव्हापासून माझ्या मनात आहे. थकलेल्या माणसाला विश्रांती द्यावी असं आपल्याला वाटतं. पण ज्याला अजून पुढे जायचं आहे त्याला काय हवं असतं हे विचारूनच मदत करावी. आजींना पाणीही नको होतं. त्यांना मोजे हवे होते. माझ्या मुलाने घरी धावत जाऊन त्याचे सगळे मोजे आणले.

आणि त्या रात्री त्यांनी जे केलं ते मला आजही सांगावंसं वाटतं. सोमय्या मैदानावर मुक्काम होता, सकाळी आझाद मैदानाकडे निघायचं ठरलेलं. पण दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर. आपल्यामुळे पोरांची परीक्षा चुकू नये म्हणून दिवसभर चाललेली ती माणसं रात्रीच पुन्हा उठून चालायला लागली. माझ्या शेजारच्या मुलीचा पेपर होता. ती वेळेवर पोचली.

कांदा_निफाड

धागा चांगला आहे, कष्टांबद्दल आदर आहे. तरी माझं मत वेगळं आहे ते लिहितो.

मी कांदा उत्पादक. त्या डिसेंबरात आमच्याकडे उन्हाळ कांद्याची लागवड चालू होती आणि मजूर मिळत नव्हते. आमचा खरा राग वेगळ्या गोष्टीवर होता. १४ सप्टेंबर २०२० ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. त्याच महिन्यात जीवनावश्यक वस्तू कायद्यात बदल करून कांदा मोकळा केल्याचंही सांगितलं. एका हाताने मोकळा, दुसऱ्या हाताने बांधलेला. आमच्या भागात शेतकरी संघटनेच्या विचाराची पुष्कळ माणसं आहेत. बाजार खुला व्हावा ही शरद जोशींपासूनची मागणी. त्यामुळे तिन्ही कायदे सरसकट वाईट आहेत असं आम्हाला वाटत नव्हतं. मग नाशिकच्या नावाने एवढा मोठा जथा दिल्लीच्या दिशेने जातो आणि त्यात आमचं म्हणणं नसतं, हे खटकलं.

आणि दुसरा प्रश्न कष्टांचाच. २०१८ ला चालले, लेखी आश्वासन मिळालं. २०१९ च्या फेब्रुवारीत पुन्हा निघावं लागलं. २०२३ ला दिंडोरीहून पुन्हा, त्यात वाशिंदच्या मुक्कामी एक शेतकरी गेला. दर वेळी तीच माणसं, तेच पाय. हे किती दिवस चालायचं?

रानजाई

दादा, तुमचा पहिला मुद्दा मला मान्य आहे. जथ्यात कांदेवाले कमी होते आणि आमच्या टेम्पोत तर जवळजवळ सगळे वनजमीन कसणारे. तिन्ही कायद्यांबद्दल आमच्यातही एकसारखं मत नव्हतं, कुणी हमीभावासाठी आलेलं, कुणी वीजबिलासाठी, कुणी पंजाबची म्हातारी माणसं थंडीत बसली आहेत ते टीव्हीवर बघून. निर्यातबंदीवर मात्र बोलणं झालं होतं. चांदवडच्या रात्री एका कांदेवाल्या भावाने तासभर समजावून सांगितलं होतं. पुढे २८ डिसेंबरला निर्यात १ जानेवारीपासून खुली होणार असं जाहीर झालं, तेव्हा आम्ही सीमेवर होतो. पहिला फोन त्यालाच लावला.

चांदवडला थांबलो तेव्हा आणखी एक आठवण निघाली, तुमच्याच संघटनेची. १९८६ च्या नोव्हेंबरात शेतकरी महिलांचं अधिवेशन त्याच गावात भरलं होतं. आमच्याबरोबर एक मावशी होत्या, त्या तेव्हा तरुणपणी बैलगाडीने तिथे गेल्या होत्या. झेंडा बदलला तरी बाई तीच. त्यांना दोन्हीत विरोध दिसत नव्हता.

दुसरा प्रश्न अवघड आहे. आमच्या माणसांचं मुख्य मागणं कसत असलेल्या वनजमिनीच्या हक्काचं, आणि त्यासाठीचा वनहक्क कायदा २००६ चा. दावा दाखल करायचा, ग्रामसभा, उपविभागीय समिती, जिल्हा समिती, मग कुठेतरी कागद अडतो. कसतो दोन एकर आणि पट्टा मिळतो काही गुंठ्यांचा, असे किती जण मला माहीत आहेत. घरी बसून राहिलं की फाईल हलत नाही, रस्त्यावर उतरलं की हलते, आमचा अनुभव एवढाच आहे. पाय तेच, हे खरं आहे. दुसरे पाय यावेत असं मलाही वाटतं.

अभ्यासू_अनघा

माळरान यांनी विचारलेल्या भांडणांवरून आणि रानजाईंच्या स्वागताच्या मुद्द्यावरून साने गुरुजींचा दौरा आठवला. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून गुरुजींनी १९४६ च्या अखेरीस उपोषण जाहीर केलं. आधी लोकांत जा, मन वळवा, असा सल्ला त्यांना मिळाला आणि उपोषण सहा महिने पुढे गेलं. ते सहा महिने गुरुजी महाराष्ट्रभर फिरले. बरोबर सेनापती बापट आणि राष्ट्र सेवादलाचं कलापथक. गावात जायचं, सभा घ्यायची, गाणी म्हणायची, तिथलं मंदिर, तिथली विहीर सगळ्यांना खुली करायला सांगायची. कितीतरी गावांनी तिथल्या तिथे ऐकलं. शेवटी १ मे १९४७ ला पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू झालं आणि दहा दिवसांनी बडव्यांनी, म्हणजे मंदिराच्या वंशपरंपरागत पुजाऱ्यांनी, मंदिर खुलं करायला संमती दिली.

आपण उपोषणाचे दहा दिवस लक्षात ठेवतो. मला त्या आधीचे सहा महिने जास्त मोठे वाटतात. रोज नवं गाव, रोज नवा यजमान, कुठे प्रेम तर कुठे दगड, आणि प्रत्येक ठिकाणी पहिल्यांदाच सांगतो आहोत अशा तळमळीने तेच सांगायचं. आवाज बसला तरी सांगायचं. शरीराने आणि मनाने आधीच खचलेल्या माणसाने हे पेललं.

आणखी एक उदाहरण. १९८५ च्या डिसेंबरात बाबा आमटे भारत जोडोसाठी कन्याकुमारीहून निघाले. तरुण मुलं-मुली सायकलवर, आणि पाठीच्या कण्याच्या दुखण्यामुळे बसता न येणारे बाबा गाडीत आडवे पडून. खड्ड्याखड्ड्याला त्या कण्याचं काय होत असेल याचा विचार करा. तसे ते कन्याकुमारीहून काश्मीरकडे गेले.

धुळ्याची_सिस्टर

सगळे पायांवर आणि पाठीवर लिहीत आहेत, मी बायकांच्या तब्येतीवर लिहिते. रानजाईंनी पाण्याचा उल्लेख केला पण पुढचं लिहिलं नाही.

अशा प्रवासात बायका मुद्दाम पाणी कमी पितात. गाडी कधी थांबेल, आडोसा मिळेल का, पेट्रोल पंपावरच्या स्वच्छतागृहाला कुलूप असेल का, हे सांगता येत नाही. मग दुपारी डोकं धरतं, चक्कर येते, रात्री लघवीला जळजळ. मोर्च्यांच्या वैद्यकीय पथकात मी काम केलं आहे. पुरुष येतात ते पायाचे फोड, ताप, खोकला घेऊन. बायका येतात ते सगळ्यात शेवटी आणि हळू आवाजात. पाळी चालू असताना पेंढ्यावर बसून दिवसभर हादरे खाणं काय असतं हे समजायला आयोजकांत बाया असाव्या लागतात. वाहनांची यादी करतानाच कुठल्या पंपावर किती वेळ थांबायचं हे ठरलं पाहिजे. बायकांच्या गाडीला आधी उतरू द्यायचं. अवघड काहीच नाही यात.

बीपी-शुगरच्या गोळ्यांचंही तसंच. वयस्क माणसं गोळ्या घरी विसरतात किंवा संपल्या तरी सांगत नाहीत. जेवण रात्री अकराला म्हणजे शुगरवाल्याला सकाळपासून काहीच नाही. त्यांच्यासाठी पिशवीत मुरमुरे-शेंगदाणे हवेतच.

धारूहेडा_मराठी

मी तेव्हा हरियाणात रेवाडी जिल्ह्यात धारूहेड्याला नोकरीला होतो. शाहजहांपूरची सीमा तिथून गाडीने जवळ. १३ डिसेंबरपासूनच जयपूर-दिल्ली महामार्गावर माणसं अडवलेली होती, दिल्ली अजून शंभराहून जास्त किलोमीटर लांब. नाशिकचे लोक आले हे ऐकून मी आणि बायको गेलो.

ट्रॉल्यांच्या रांगेत राजस्थानी, हरियाणवी बोली ऐकत चाललो होतो आणि एकदम मराठी कानावर आलं, “अरे पातेलं इकडं दे.” बायकोला रडू आलं. त्या माणसांच्या अंगावरचे कपडे बघून मात्र पोटात गोळा आला. तिथली डिसेंबरची रात्र आपल्याकडच्या माणसाला कल्पनेत येणार नाही. धुकं सकाळी दहापर्यंत हटत नाही, गोधडी बाहेरून ओली होते. आम्ही कॉलनीतून रजया गोळा केल्या. शेजारच्या गावातली हरियाणवी माणसं रोज दूध आणि लाकडं आणून देत होती. भाषा कळत नव्हती तरी शेकोटीभोवती जागा व्हायची.

जानेवारीच्या सुरुवातीला पाऊस आला तेव्हा फार हाल झाले. तंबूखाली पाणी शिरलं. एका काकांना मी घरी चला म्हणालो, निदान रात्रीपुरते. ते म्हणाले, मी आलो तर बाकीच्यांना वाटेल म्हातारा गेला, आपणही जावं. आले नाहीत.

१९ नोव्हेंबर २०२१ ला कायदे मागे घेण्याची घोषणा झाली, तेव्हा मी पुण्यात बदली होऊन आलो होतो. मला आधी ते काका आठवले. संयुक्त किसान मोर्चाच्या म्हणण्याप्रमाणे त्या वर्षभरात सातशेवर शेतकरी गेले. त्यांतले बरेच थंडीने, आजाराने, रस्त्यावरच्या अपघाताने. भाषणात हा आकडा एका दमात येतो. तिथे एक रात्र काढलेल्या माणसाला तो तसा उच्चारता येत नाही.

कांदा_निफाड

माझं कायद्यांबद्दलचं मत तेच आहे. पण सिस्टर आणि धारूहेडावाले यांचं वाचून एक विचारतो. रानजाईताई, पुन्हा जथा निघाला तर आमच्यासारख्या न येणाऱ्यांनी काय करावं? मागे राहणाऱ्यांचं तुम्ही लिहिलंत म्हणून विचारतो.

रानजाई

दादा, तुम्ही विचारलंत याचं फार बरं वाटलं. खरं सांगू? जथ्यात गेलेल्या माणसाची बागेतली जागा राखून ठेवा. तुमच्याकडे येणारी टोळी आंदोलनाला गेली तर परत आल्यावर तिलाच काम द्या. दिल्लीच्या रस्त्यावर रात्री माणसांना झोप लागत नव्हती ती थंडीने आणि या काळजीने. घरून फोन यायचा की अमक्याच्या बागेत दुसरी माणसं लागली. मग तो माणूस दुसऱ्या दिवशी घोषणा देताना गप्प असायचा.

सिस्टर, तुम्ही लिहिलेलं सगळं खरं आहे. आमच्या टेम्पोत आम्ही जुन्या साड्यांचा आडोसा केला होता, चार काठ्या आणि दोन साड्या, कुठेही उभा करता यायचा. नंतर बाकीच्या गाड्यांनीही तसंच केलं. गोळ्यांचं मात्र तुम्ही म्हणता तसंच झालं. पुढच्या वेळी गावातून निघतानाच आशाताईंकडून प्रत्येकाच्या गोळ्यांची यादी करून घेणार आहोत, आणि यादी त्या त्या गाडीतल्या एका बाईकडे राहील. चालकांचं जेवण आधी आणि वेगळं काढायचं हेही ठरवलं आहे.

बिजासन_उतार

जेवण आधी द्या पण भात कमी द्या, चालकाला सुस्ती येते. भाकरी किंवा पोळी, आणि चहाचा थर्मास केबिनमध्ये. प्रत्येक गाडीत दोन स्टेपन्या आणि ताडपत्रीसाठी जादा दोरी घ्या. निघायच्या आदल्या दिवशी ब्रेक आणि मागचे लाल दिवे मिस्त्रीकडून तपासून घ्या, राजस्थानच्या धुक्यात मागून येणाऱ्याला तेवढेच दिसतात. नाशिकहून निघणार असाल तर मला आधी निरोप टाका. घाटापर्यंत पहिली गाडी मी चालवीन.